मस्टरवरचं नाव



आज आपल्याला इतिहासाचं बोलायचं आहे. हा इतिहास टिकाव-खोऱ्याचा आहे, घमेल्याचा आहे, आणि मस्टरवर लागलेल्या अंगठ्याचा आहे. माढा, मोहोळ, करमाळा, सांगोला, कुठल्याही तालुक्यात जा. पाझर तलाव दिसेल, नाल्यावरचा मातीचा बांध दिसेल, डांबराखाली दबलेली जुनी खडी असेल. ही कामं कोणी केली असं विचारलं तर माणसं म्हणतात, सरकारनं केली. सरकारनं पैसे दिले हे खरं. माती वाहिली ती माणसांनी, आणि त्यात निम्म्यानं बाया होत्या. दुष्काळात पोट भरायला गेलेल्या त्या बायांच्या कामातून महाराष्ट्रात एक कायदा उभा राहिला. तो कसा आला, त्यानं आपल्याला काय दिलं आणि काय द्यायचं राहिलं, ते आज बघू.

आपल्या जिल्ह्यात दुष्काळाची गोष्ट निघाली की पहिलं नाव येतं ते मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचं. बिदरच्या बादशहाच्या कोठारातलं धान्य त्यांनी उपाशी लोकांना वाटून टाकलं, आणि त्यांच्यावरचं संकट निवारायला पंढरीचा विठोबा विठू महाराच्या रूपात मोहरा घेऊन बादशहाच्या दरबारात गेला, ही कथा कीर्तनात आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या कथेत मोठं सत्य आहे. राजाचं कोठार भरलेलं आणि रयतेची चूल थंड, हे चालणार नाही, असं लोकांच्या मनात तेव्हापासून आहे. पण त्या कथेत धान्य मिळतं ते एका भल्या माणसाच्या दयेमुळे. दामाजीपंत नसते तर? पुढची चारपाचशे वर्षं या प्रश्नाला उत्तर नव्हतं. अधिकारी दयाळू निघाला तर माणसं जगायची, कठोर निघाला तर मरायची.

कठोरपणाचा अनुभव १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आला. मुंबई इलाख्यात सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत सोलापूर होता. इंग्रज सरकारनं दुष्काळी कामं काढली. आपल्या जवळचा आष्टीचा तलाव, जो आज मोहोळ तालुक्यात आहे, तो याच दुष्काळातल्या माणसांच्या हातांनी आकाराला आला. कामावर मजुरी किती द्यायची, यावरून मोठा झगडा झाला. सरकारनं पाठवलेले सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी खाली आणली. दिवसभर राबलेल्या गड्याला एक पौंड धान्याची किंमत, म्हणजे अर्ध्या किलोलाही थोडी कमी, आणि वर अर्धा आणा. बाईला तेवढ्याच धान्याची किंमत, पण वर पाव आणा. अर्धा आणा म्हणजे तेव्हाचे दोन पैसे, पाव आणा म्हणजे एक. पाटी तीच, ऊन तेच, पण बाई म्हणून एक पैसा कमी. आणि हा हिशेब कुणा मुकादमानं परस्पर कापलेला नव्हता, खुद्द सरकारी हुकमात तो लिहिलेला होता.

एवढ्या मजुरीवर माणूस काम करू शकत नाही, हे कामावरच्यांना कळत होतं. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी दुष्काळी काम सोडलं. उपाशी माणसांनी संप करावा, ही साधी गोष्ट नव्हती. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, सार्वजनिक काका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गणेश वासुदेव जोशींनी त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. याच दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांसह गावोगाव फिरत होते. धनकवडीला त्यांनी दुष्काळातल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. सावित्रीबाईंनी जुन्नर भागातून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात तिथल्या उपासमारीचं वर्णन आहे. दुष्काळात मूल आधी कोमेजतं आणि आई शेवटी जेवते, हे त्या जोडप्यानं ओळखलं होतं.

त्यानंतर इंग्रजांनी चौकशी आयोग नेमला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि मग इलाख्याइलाख्यात दुष्काळ संहिता झाल्या. पाऊस किती हुकला म्हणजे काम काढायचं, किती मजुरी द्यायची, हे नियमात बसलं. ही पुढची पायरी होती. तरी दुष्काळ आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार साहेबाकडेच राहिला. साहेबानं दुष्काळ जाहीर केला तर काम, नाही तर नाही. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं हीच पद्धत चालू होती. साहेबाची टोपी बदलली, एवढंच.

आता बहात्तरच्या दुष्काळाकडे येऊ. ज्या आज पंच्याहत्तरीच्या पुढे गेल्या आहेत, त्यांना हे सांगायची गरज नाही. १९७० पासूनच पाऊस दगा देत होता आणि १९७२ मध्ये त्यानं पाठच फिरवली. विहिरी तळाला गेल्या, जनावरं कवडीमोलानं विकली गेली. ज्वारीच्या या मुलखात रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो खायची वेळ आली. कामाच्या ठिकाणी सुकडी वाटली जायची. १९७३ च्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. जगातल्या कितीतरी देशांची लोकसंख्यासुद्धा एवढी नसते. एवढी माणसं एकाच वेळी खडी फोडत होती, रस्ते करत होती, तलावाची माती वाहत होती.

त्या कामावर कोण गेलं नाही? ज्यांच्या घरातली बाई उंबऱ्याबाहेर पडत नव्हती, त्या बागाईतदार घरातल्या सुनाही डोक्यावर पदर ओढून खडी फोडायला बसल्या. दगड जात बघत नाही. एकाच ढिगाभोवती वेगवेगळ्या आळीच्या बायका बसल्या आणि पाण्याच्या टँकरपुढे एकाच रांगेत उभ्या राहिल्या. शिवाशीव संपली असं मी म्हणणार नाही. पुष्कळ ठिकाणी पाण्याचा माठ वेगळाच राहिला. पण भाकरीसाठी एका जागी यावं लागलं आणि एकमेकींची दुःखं एकमेकींना कळली.

त्या कामावर आणखी एक गोष्ट घडली, ती फारशी कुणी सांगत नाही. मुकादम मस्टर भरताना बाईचं नाव विचारायचा. तिचं स्वतःचं नाव. घरात ती अमक्याची आई, तमक्याची बायको, पाटलाची सून असायची. जमिनीच्या कागदावर ती नसायची, पतसंस्थेच्या वहीत नसायची. सरकारी कागदावर कामकरी म्हणून हजारो बायांचं नाव पहिल्यांदा लागलं ते दुष्काळी कामाच्या मस्टरवर. अंगठा तिचा, हजेरी तिची, पगारही तिच्या नावाचा. तो पगार पुष्कळदा नवराच उचलून न्यायचा, तेही खरं. तरी नाव तिचं होतं, आणि ते पुसता येत नव्हतं.

या सगळ्याला कायद्याचं रूप देणारा माणूस आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे. ते १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. त्यांचा विचार साधा होता. खेड्यात काम करायला तयार असलेली माणसं आहेत आणि करण्यासारखी कामंही आहेत. मग दोघांची गाठ सरकारनं का घालू नये? १९६५ मध्ये त्यांनी विसापूर भागात हा प्रयोग सुरू केला. पुढे दुष्काळाच्या तोंडावर, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, रोजगार हमी योजना राज्यासाठी स्वीकारली गेली. दुष्काळ ओसरला तशी बाकीची कामं बंद झाली. पण कामावरून उठलेल्या माणसांच्या मोर्चांनी, डाव्या आणि समाजवादी पक्षांच्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न थंड होऊ दिला नाही. मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्यासारख्या स्त्रिया त्याच काळात शहरात महागाईविरुद्ध लाटणं घेऊन रस्त्यावर उतरलेल्या होत्या. १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

या कायद्यात नवं काय होतं, ते नीट ऐका. दुष्काळ जाहीर व्हायची वाट बघायची नाही. गावातल्या कुठल्याही प्रौढ माणसानं, बाई असो की पुरुष, अंगमेहनतीचं काम मागितलं, तर सरकारनं १५ दिवसांत ते द्यायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा, तेव्हा दिवसाला निदान एक रुपया. रक्कम किरकोळ होती, पण तिच्यामागचं तत्त्व किरकोळ नव्हतं. काम न देणं ही सरकारची चूक ठरली, आणि चुकीची भरपाई आली. दामाजीपंतांच्या कथेत जे दयेवर अवलंबून होतं, ते इथं हक्क झालं. कामाचा हक्क मिळवून द्यायचा प्रयत्न सरकारनं करावा असं आपल्या संविधानाचं ४१ वं कलम सांगतं. महाराष्ट्रानं ते देशात सगळ्यांच्या आधी कायद्यात उतरवलं.

पैसा कुठून आणला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. मुंबई-पुण्यातला नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून थोडी थोडी रक्कम घ्यायची आणि तेवढीच भर राज्यानं आपल्या तिजोरीतून घालायची. शहरातल्या पगारदाराच्या पावतीवर आजही ही कपात दिसते. खेड्यातली बाई बांध घालते, पाणी जिरवते, ज्वारी पिकवते, आणि ती ज्वारी शहर खातं. मग तिच्या अडचणीच्या दिवसांत शहरानं थोडा भार उचलावा, हा त्यामागचा न्याय होता.

बायांना या कायद्यानं काय दिलं? पहिली गोष्ट, कामाचा दर. दर मातीच्या मापावर होता, बाई-पुरुष असा नव्हता. १८७७ चा तो एक पैशाचा फरक कागदावरून तरी गेला. दुसरी गोष्ट, शेतमालकाशी बोलायची ताकद. खुरपणीला बोलावणारा म्हणेल तो दर घ्यायची सक्ती उरली नाही. जवळ रोहयोचं काम चालू असलं की बाई म्हणायची, एवढ्यात येत नाही, तळ्यावर जाते. म्हणून तर पुष्कळ बागाईतदारांना ही योजना डोळ्यात खुपली. तिसरी गोष्ट आधाराची. नवऱ्यानं टाकलेल्या, विधवा, माहेरी भावजयीच्या बोलण्यावर दिवस काढणाऱ्या बायांना कुणाच्या तोंडाकडे न बघता चार पैसे मिळायची जागा म्हणजे रोहयोचं काम. अशा किती बाया आहेत, हेही कामावरच दिसून आलं. सांगली जिल्ह्यात इंदूताई पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांबरोबर परित्यक्ता स्त्रियांनी घराच्या जागेची, स्वतंत्र रेशन कार्डाची मागणी केली. संगमनेरला निशा शिवूरकरांसारख्या कार्यकर्त्यांबरोबर मोर्चे निघाले. घरात प्रत्येकीला वाटायचं की हे आपलंच नशीब. एका ठिकाणी पन्नासजणी भेटल्यावर कळलं की हा समाजाचा प्रश्न आहे.

आता जमेसोबत खर्चाची बाजूही बघायला हवी.

कामाच्या जागी पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांना सांभाळायची सोय असावी, असं नियमात पहिल्यापासून आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी बाभळीच्या फांदीला बांधलेली झोळी हेच पाळणाघर, आणि झोळीशेजारी बसलेली सात-आठ वर्षांची बहीण हीच दाई. त्या बहिणीची शाळा सुटली, ती कुठल्याच मस्टरवर लागली नाही. नवं काम काढायला पन्नास मजूर हवेत अशी अट होती. दहा-पंधरा बाया असलेल्या वस्तीनं काय करायचं? मोजमाप उशिरा व्हायचं, पगार त्याहून उशिरा. टोळीचं माप एकत्र व्हायचं आणि पैसे टोळीच्या म्होरक्याच्या हातात जायचे. खोटी मस्टरं भरली गेली, मेलेल्यांच्या नावावर हजेऱ्या लागल्या. हे सगळं झालं, आणि ते लपवून उपयोग नाही.

पण सगळ्यात खोल उणीव वेगळीच आहे. रोहयोतून जे उभं राहिलं ते कोणाच्या नावावर गेलं? पाझर तलावाचं पाणी ज्याच्या विहिरीला उतरलं, त्याचा फायदा. बांध ज्याच्या रानात पडला, त्याची माती वाचली. १९९० पासून रोहयोशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली. आपल्या सोलापूर जिल्ह्याचं रूप तिनं पालटलं. बोरं, डाळिंब, आंबा, चिकू, जिथं कुसळं उगवायची तिथं बागा आल्या. योजना चांगलीच होती. पण अनुदान सातबारा बघून मिळायचं, आणि सातबाऱ्यावर बाई होती कुठं? खड्डे तिनं खणले, रोपांना कळशीनं पाणी तिनं घातलं, आणि बाग झाली मालकाची. मस्टरवर नाव लागलं, उताऱ्यावर लागलं नाही. मजुरी एका दिवसाची असते, मालमत्ता पिढ्यांची. कायद्यानं बाईला मजूर म्हणून ओळखलं, शेतकरी म्हणून ओळखायचं राहून गेलं.

त्या बाजूनंही पावलं पडली. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि गावोगाव पुरुषांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून दिला. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं महिला धोरण आणलं. त्याच वर्षी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा वाटा देणारा बदल राज्यानं केला, आणि २००५ मध्ये केंद्रानं तो देशभर नेला. कायदा झाला. पण तलाठ्याकडे वारसनोंद करताना बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यायची रीत तशीच राहिली. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती कुठल्याच कायद्यात लिहिलेली नाही, आणि ती सगळ्या कायद्यांपेक्षा बळकट आहे.

२००५ मध्येच केंद्र सरकारनं राष्ट्रीय रोजगार हमीचा कायदा केला. महाराष्ट्राची कल्पना देशाची झाली, याचा अभिमान वाटायला हवा. १ एप्रिल २००८ पासून तो सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत पोचला. मजुरी खात्यात जमा होऊ लागली आणि कितीतरी जणींनी आयुष्यातलं पहिलं पासबुक हातात घेतलं. निदान एक तृतीयांश मजूर स्त्रिया असाव्यात असं त्यात आलं. पण एक बारीक बदल झाला, तो आपल्या नजरेतून सुटू नये. महाराष्ट्राच्या जुन्या कायद्यात हमी प्रत्येक प्रौढ माणसाला होती. केंद्राच्या कायद्यात ती कुटुंबाला मिळाली: एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवस. जॉबकार्ड कुटुंबाचं. म्हणजे सासू, सून आणि दोन जावा यांनी शंभर दिवस वाटून घ्यायचे, आणि कुणी किती जायचं ते घरातल्या कर्त्यानं ठरवायचं. ज्या मस्टरनं बाईला तिचं नाव दिलं होतं, त्यावर पुन्हा घराची सावली पडली.

तुम्ही म्हणाल, आता इथं उजनीचं पाणी आलं, कॅनॉल झाले, ऊस आला, साखर कारखाने झाले. आता खडी फोडायला कोण जातंय? काही अंशी खरं आहे. आपल्याच माढा तालुक्यात एका अंगाला हिरवागार ऊस आणि दुसऱ्या अंगाला कोरडी माळरानं अशी दोन जगं आहेत. ज्यांच्या रानात पाणी पोचलं त्यांचा प्रश्न बदलला. ज्यांना रानच नाही त्यांचा बदललेला नाही. आणि त्या हिरव्या उसातही कोयता घेऊन राबणारी बाई बहुतेक वेळा बाहेरच्या जिल्ह्यातून, पोरं पाठीशी घेऊन आलेली असते. तिच्या गावात वेळेवर काम मिळालं असतं तर ती कशाला आली असती? पावसाचा खंड पडतो तेव्हा टँकर आपल्याही वाड्यांवर येतात. कोरोनाच्या २०२० सालात शहरातून परतलेल्या माणसांना गावात पहिला आधार याच कामांनी दिला. हक्क वापरात नसला म्हणून मोडीत काढायचा नसतो.

म्हणून शेवटी थोडं कामाचं सांगते. दिल्ली-मुंबईत योजनांची नावं बदलतात, दिवसांची संख्या बदलते, फॉर्म बदलतात. चालू नियम ग्रामपंचायतीत रोजगार सेवकाला विचारून घ्या. चार गोष्टी मात्र कुठल्याही काळात धरून ठेवण्यासारख्या आहेत.

काम तोंडी मागू नका, लेखी मागा, आणि तारीख असलेली पोच घ्या. पंधरा दिवसांचं घड्याळ त्या तारखेपासून सुरू होतं. पोच नसेल तर घड्याळच सुरू होत नाही. विधवा असाल, टाकलेल्या असाल, एकट्या राहत असाल, तर सासर-माहेरच्या कार्डात आपलं नाव कोंबू देऊ नका, स्वतंत्र जॉबकार्ड मागा. कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं येत असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमायची तरतूद २००५ च्या कायद्यात होती. नियम बदलले तरी ही सोय सोडू नका. ती आपण एकीएकीनं मागितली तर मिळत नाही, पाचजणींनी मिळून मागितली तर मिळते. आणि चौथी गोष्ट, आपल्या घरचा सातबारा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आपलं नाव मालक म्हणून आहे, की इतर हक्काच्या रकान्यात आहे, की नाहीच, ते वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकीकडून वाचून घ्या. तिलाही ते कळलेलं बरं.

आणि ज्या आज्या बहात्तरच्या कामावर गेल्या होत्या, त्यांना नातवंडांनी विचारा: कुठला रस्ता, कुठलं तळं, मुकादम कोण, पगार किती, कामावर सोबत कोण होत्या. वहीत लिहून ठेवा. त्या मस्टरची पानं वाळवीनं खाल्ली असतील. ही नावं आपणच लिहिली नाहीत तर कुठंच राहणार नाहीत.

हक्कसोडपत्राचा विषय आज ओझरता आला. पुढच्या भाषणात त्यावरच बोलू. तुमचे प्रश्न असतील तर केंद्रावर पाठवा.